आज फक्त आम्ही दोघं

मुलं आजीकडे, आणि आम्ही दोघंच खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कमध्ये! आधी सगळे आलो होतो तेव्हा धाकट्याची उंची भरत नव्हती, त्यामुळे नायट्रो ही रोलर कोस्टर खालूनच बघितली. आज सरळ रांगेत. १३२ फूट उंची, ताशी १०५ किलोमीटर वेग, हे आकडे वाचून काहीच कळत नाही. खांद्यांवरची पकड घट्ट बसते, पायाखालची फरशी बाजूला होते आणि पाय अधांतरी लोंबकळतात, तेव्हा पोटात खरा गोळा येतो. ह्यांनी माझा हात जो धरला तो थेट उतरल्यावरच सोडला. लग्नाआधी लोणावळ्याच्या पावसात धरला होता, अगदी तसाच.

मग ‘आय फॉर इंडिया’ या राईडमध्ये खुर्चीत तरंगत मोठ्या पडद्यावर देश वरून बघितला. जेवण गरम असतानाच जेवलो (आईबाबा लोकांना कळेल यात काय सुख आहे!). मुलांची आठवण आली, व्हिडिओ कॉलही झाला, पण अपराधी वाटलं नाही. कितीतरी दिवसांनी आम्ही शाळा, फी, क्लास सोडून एकमेकांबद्दल बोललो.

आजी-आजोबा मुलांना सांभाळायला तयार असतील तर जाच. शक्यतो शनिवार-रविवार टाळा.