माद्रिदसाठी लँकेस्टरची चक्कर

मला डिप्रेशन ग्लासचं वेड आहे हे आता आमच्या घरी सगळ्यांनी मान्य केलंय, पटलंय असं नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९२९ च्या मंदीच्या आसपास अमेरिकेत मशीनवर ढिगाने काढलेली रंगीत काचेची स्वस्त भांडी म्हणजे डिप्रेशन ग्लास. गुलाबी, हिरवी, मधाच्या रंगाची. तेव्हा ही क्वेकर ओट्सच्या डब्यात फुकट यायची, थिएटरवाले ठरावीक रात्री तिकिटावर बशी द्यायचे, आणि आता आम्ही तीच पैसे मोजून घेत फिरतो.

मी फक्त माद्रिद नावाच्या नक्षीची भांडी, म्हणजे माद्रिद पॅटर्न, जमवते. तो आमच्या ओहायोतल्या कोलंबसचा आहे ना, इथल्या फेडरल ग्लास कंपनीने १९३२ ते ३९ मध्ये काढलेला. कंपनी कधीच बंद पडली, पण आजूबाजूच्या गावांत ताटं-बश्या अजून निघतात.

तर शनिवारी रूट ३३ पकडून लँकेस्टरला गेलो, पाऊण तासाचा रस्ता. गाव काचेचंच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे जमिनीत गॅस सापडला, भट्ट्यांना स्वस्त जळण मिळालं आणि काचवाले आले. १९०५ मध्ये आयझॅक कॉलिन्सने हॉकिंग ग्लास सुरू केली, नाव तिथल्या नदीवरून. १९२४ ला कारखाना जळाला, पुन्हा बांधला, आणि मग त्यांनी असं मशीन बनवलं की मिनिटाला ९० नग निघायचे, त्यामुळे ऐन मंदीत पाच सेंटला दोन ग्लास विकणं परवडायचं. एवढ्या घाईत काढलेल्या काचेत बुडबुडे आणि साच्याची रेघ असणारच, त्यावरून नाक मुरडणारे लोक मला कळतच नाहीत.

मेन स्ट्रीटवर ओहायो ग्लास म्युझियम आहे. लहान आहे पण जाच. हॉकिंगचा कॅमिओ पॅटर्न, ज्यावर नाचणारी मुलगी आहे, तो हिरव्या रंगात घेतला तर यूव्ही टॉर्चखाली बऱ्याचदा झळकतो, कारण काचेत थोडं युरेनियम असतं. माद्रिदच्या मधाळ रंगाकडून हा तमाशा अपेक्षू नका. टॉर्च तरी पर्समध्ये असतेच, नवरा दुकानात मला ओळखत नसल्यासारखा लांब उभा राहतो.

मग अँटिक मॉल, म्हणजे एका छताखाली जुन्या वस्तूंचे वेगवेगळ्या लोकांचे स्टॉल. तिथे खरी परीक्षा असते, कारण १९७६ मध्ये फेडरलने हाच पॅटर्न रीकलेक्शन नावाने परत काढला. त्यांनी निदान प्रामाणिकपणे नक्षीत ७६ घातलं होतं. पुढे साचे इंडियाना ग्लास या दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि त्यांनी तो आकडाच काढून टाकला! मधाळ रंगात ७६ शोधायचं, उजेडाकडे धरून, चष्मा लावून. गुलाबी माद्रिद दिसलं की मी तरी दोन पावलं मागेच जाते, त्यात नवं फार आहे. एका स्टॉलवर टॅगवर '१९३० चं' लिहिलेली बशी होती, नक्षीत ७६ स्वच्छ दिसत होतं. काउंटरवरच्या आजींना दाखवलं तर म्हणाल्या, स्टॉल माझा नाही गं. बरं.

पण खाली तळाच्या फळीवर एक ग्रिल प्लेट होती, तीन कप्प्यांची, आपल्या मेसच्या ताटासारखी, त्यात आमटीची वाटी बसत नाही एवढंच. आठ डॉलर. सुरी-काट्याचे ओरखडे आहेत, म्हणजे कोणीतरी खरंच जेवलंय. मीही शोकेसमध्ये ठेवत नाही, रविवारी पोहे त्यातच. फक्त डिशवॉशरमध्ये टाकू नका, काच कायमची धुरकट होते आणि मग कितीही घासा.

साखरेच्या भांड्याचं झाकण याही वेळी मिळालं नाही. झाकणंच आधी फुटायची त्यामुळे ती महाग. कुणाला ते किंवा माद्रिदची ग्रेव्ही बोट (रस्सा वाढायचं भांडं) दिसली तर आधी किंमत विचारा आणि मग मला फोटो टाका, उलट नको.