लग सैल, सामना गेला : ह्यूस्टनच्या रोबोटिक्स चॅम्पियनशिपबद्दल

एप्रिलच्या उत्तरार्धात ह्यूस्टनच्या डाउनटाउनमध्ये गेलात, तर भडक रंगांचे केस, अंगावर केप आणि बिल्ल्यांनी लगडलेले टी-शर्ट अशा थाटातली शाळकरी मुलं घोळक्याघोळक्याने हिंडताना दिसतील. जॉर्ज आर. ब्राउन कन्व्हेन्शन सेंटरमध्ये ‘फर्स्ट’ या संस्थेची शाळकरी मुलांसाठीची जागतिक रोबोटिक्स चॅम्पियनशिप भरलेली असते. अमेरिकेतल्या मराठी घरात नववी-दहावीतलं मूल असलं की ‘आमचा रोबोटिक्सला जातो’ हे हमखास ऐकू येतं. तिकडे पुण्या-नाशिकातल्या आजी-आजोबांना मात्र प्रश्न पडतो, की शनिवार-रविवारीसुद्धा वर्कशॉपमध्ये राहून ही पोरं नक्की करतात काय?

अमेरिकी संशोधक डीन केमेन यांनी १९८९ साली ‘फर्स्ट’ ही संस्था काढली. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका हायस्कूलच्या जिममध्ये पहिली स्पर्धा झाली, तेव्हा संघ होते २८. आज एकट्या हायस्कूल गटात तीन हजारांहून जास्त संघ आहेत आणि त्यातले सहाशेच्या आसपास ह्यूस्टनला पोहोचतात. पंचाहत्तरेक संघांचा एक, असे आठ विभाग पाडतात. आठही विभागांचे विजेते शेवटी ‘आइन्स्टाइन’ नावाच्या मैदानावर भिडतात.

जानेवारीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या शनिवारी जगभरात एकाच वेळी त्या वर्षीचा खेळ जाहीर होतो. दरवर्षी खेळ नवा, त्यामुळे गेल्या वर्षीचा रोबोट जसाच्या तसा उतरवून भागत नाही. २०२५ चा ‘रीफस्केप’च घ्या. मैदानावर षटकोनी मनोरा, प्रत्येक बाजूला दोन उभे खांब आणि त्यांना वेगवेगळ्या उंचीवर फांद्या. पीव्हीसी पाइपचे फूटभर लांबीचे तुकडे उचलून त्या फांद्यांवर अडकवायचे. सगळ्यात वरची फांदी सहा फुटांवर. तिथे पाइप बसला की ५ गुण, पण पहिल्या १५ सेकंदांत, म्हणजे रोबोट कुणीही न चालवता स्वतःच्या प्रोग्रॅमवर धावत असताना बसला, तर ७. उरलेली सव्वादोन मिनिटं मुलांच्या हाती जॉयस्टिक. शेवटी मैदानावर टांगलेल्या पिंजऱ्यांतल्या सगळ्यात खालच्या पिंजऱ्याला लोंबकळलात की आणखी १२. आता हिशेब करा. पिंजऱ्याला लटकायला पंधरा सेकंद लागत असतील आणि तेवढ्याच वेळात तुमचा रोबोट दोनच पाइप वर चढवत असेल, तर लटकणं फायद्याचं. तीन चढवत असेल, तर गणित उलटं फिरतं. खेळ जाहीर झाल्यावर पहिले दोन दिवस चांगले संघ स्क्रूड्रायव्हरला हातही लावत नाहीत, फळ्यावर हाच हिशेब मांडत बसतात.

रोबोटचं वजन २०२५ मध्ये ११५ पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण ५२ किलो. बॅटरी आणि बंपर वेगळे. आधीच्या वर्षी १२५ पौंड चालत होते. ते दहा पौंड गेले तेव्हा कित्येकांनी जाड ॲल्युमिनियमच्या नळ्या काढून पातळ बसवल्या.

पाहुण्यांना वाटतं, जो रोबोट हुशार तो जिंकतो. चॅम्पियनशिपमध्ये प्रत्येक संघाला १० साखळी सामने मिळतात. त्या दहाही सामन्यांत जो रोबोट शेवटपर्यंत चालू राहतो, तो अर्धी लढाई तिथेच जिंकतो. बंद पडण्याची कारणं मात्र अगदी साधी असतात.

सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे बॅटरी. सगळे संघ १२ व्होल्ट, १८ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीच वापरतात, आपल्याकडे छोट्या यूपीएसमध्ये असते त्याच जातीची. चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध साधारण १५ मिलिओहम. चार चाकांच्या मोटरी एकदम जोर लावतात तेव्हा २०० अँपिअर सहज खेचले जातात, म्हणजे आतल्या आतच ३ व्होल्ट गेले. साडेबाराचे साडेनऊ झाले, तरी रोबोट धावतो. पण बॅटरीच्या टर्मिनलवरचा लग, म्हणजे वायरच्या टोकाचं धातूचं कडं, किंचित सैल असेल, तर तिथे आणखी १० मिलिओहमची भर पडते. धक्काबुक्कीत करंट क्षणभर २५० अँपिअरवर गेला, की सव्वासहा व्होल्ट वाटेतच संपतात आणि उरतात सव्वासहा. इतक्या कमी व्होल्टेजला रोबोरिओ नावाचा मुख्य कंट्रोलर स्वतःला वाचवण्यासाठी मोटरी बंद करतो. गॅलरीतून एवढंच दिसतं, की रोबोट उचक्या लागल्यासारखा थांबत-थांबत चाललाय. चालवणारी मुलं कोडमध्ये चूक शोधत बसतात, आणि दोष असतो एका नटात.

इलाज स्वस्त आहे. लग नायलॉक नटने (आत नायलॉनचं कडं असलेल्या, सहजी न सुटणाऱ्या नटने) आवळा आणि हाताने पिळून बघा. जराही हलला तर पुन्हा आवळा, मगच इन्सुलेशन टेप गुंडाळा. बॅटरी वायरला धरून कधीही उचलू नका, लग त्यानेच सैल होतात. प्रत्येक बॅटरीवर नंबर घाला आणि कुठली किती सामने चालली ते वहीत लिहा. आठ-दहा बॅटऱ्या असल्या तर प्रत्येक सामन्याला ताजी मिळते. चार्जर ६ अँपिअरपेक्षा जोरात लावू नका, आणि रोध वाढलेली बॅटरी सरावाला ठेवा, सामन्याला नको.

दुसरा गुन्हेगार म्हणजे कॅन बसची, म्हणजे मोटरींना हुकूम पोहोचवणारी पिवळी-हिरवी वायर. मोटर कंट्रोलर या एका जोडीवर माळेसारखे ओवलेले असतात आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध हवा. मध्ये एक कनेक्टर निसटला की पुढचे सगळे गप्प. तिसरा, रोबोटला बिनतारी जोडून ठेवणाऱ्या रेडिओच्या वीजपुरवठ्याची वायर. धडकेत ती क्षणभर जरी सुटली, तरी रेडिओ पुन्हा सुरू होऊन जोडला जाईपर्यंत छोट्याशा सामन्यातला मोठा तुकडा वाया जातो. म्हणून जाणते संघ प्रत्येक सामन्यानंतर प्रत्येक वायर हलकेच ओढून पाहतात. हे काम बहुतेक वेळा नवख्या मुलाकडे देतात, आणि बरोबरच करतात.

बंपर हाही दुर्लक्षित विषय. पाऊण इंची प्लायवूड, त्यावर पोहण्याच्या तलावातले फोमचे नूडल, वर ताणून स्टेपल केलेलं कापड. सामन्यात बंपर गळून पडला, तर रोबोट बंद करायला लावतात. सामन्यागणिक संघाची बाजू लाल किंवा निळी ठरते, तसे बंपर बदलायला पाच मिनिटं लागत असतील, तर माउंटिंग चुकलंय असं समजा.

आता या स्पर्धेची गोडी का वाढते आहे? आमच्या मते याचं श्रेय संघांच्या आघाड्या करण्याच्या पद्धतीला आहे. सामना तीन विरुद्ध तीन असतो आणि साखळीत जोड्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या बदलत राहतात. सकाळचा प्रतिस्पर्धी दुपारी जोडीदार होतो. साखळी संपली की पहिल्या आठ क्रमांकांचे संघ भर मैदानात आपापले साथीदार निवडतात. पहिल्या फेरीत एक ते आठ, दुसरीत उलट आठ ते एक. त्यामुळे शेजाऱ्याची मोटर जळाली तर आपली सुटी मोटर देण्यात शहाणपण आहे. पिटमध्ये, म्हणजे संघांच्या दुरुस्तीच्या जागेत, दिवसभर लाउडस्पीकरवर पुकारा चालू असतो, अमुक संघाला अमुक गिअर हवाय, आणि दहा मिनिटांत दोन-तीन संघ तो घेऊन हजर होतात. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी सौजन्याने स्पर्धा करण्याचा आग्रह इथे रुजवला हे खरं, पण नियमांची रचनाच अशी आहे की सौजन्य परवडतं.

शिवाय प्रत्येकाला काम आहे. गॅलरीत सहा मुलं सहा रोबोट वाटून घेऊन टॅब्लेटवर कोण किती पाइप लावतो, कोण बंद पडतो, याची नोंद करतात. वेल्डिंग, कोड, हिशेब, देणगीदारांना पत्रं, सगळ्याला माणूस लागतो. सर्वोच्च मानाचा ‘इम्पॅक्ट’ पुरस्कारही रोबोटसाठी नसून संघाने आजूबाजूला केलेल्या कामासाठी असतो.

खटकणारी बाजू पैशाची. नोंदणीलाच सहा हजार डॉलरच्या आसपास लागतात आणि चॅम्पियनशिपला पोहोचलात तर जवळपास तेवढीच रक्कम पुन्हा. कुठल्याही दिशेला सरकणारी स्वर्व्ह चाकं आता जवळजवळ सक्तीची झाली आहेत. चार चाकं, आठ मोटरी आणि चाकाची दिशा मोजणारे एन्कोडर धरून तीन-साडेतीन हजार डॉलर जातात. मिशिगनने २००९ मध्ये डिस्ट्रिक्ट पद्धत आणली. एका नोंदणीत घराजवळच्या दोन स्पर्धा मिळू लागल्या, आणि लहान गावांच्या शाळाही उतरल्या. काही संघांत मुलांपेक्षा मेंटर, म्हणजे मार्गदर्शक मोठी माणसंच, रोबोट जास्त बांधतात, ही कुरकुरही खरी आहे.

मुंबईचा ‘आर फॅक्टर’, संघ क्रमांक ६०२४, या स्पर्धेत उतरलेला आहे. परदेशातून येणाऱ्यांना रोबोट क्रेटमधून पाठवावा लागतो, आणि बॅटऱ्यांसाठी अनेक जण तिथल्या संघांशी आधीच बोलून ठेवतात. महाराष्ट्रात शाळेत सुरुवात करायची असेल, तर आधी ‘फर्स्ट टेक चॅलेंज’ हा धाकटा गट बघा. रोबोट दीड फुटाच्या चौकोनात मावतो आणि खर्चही त्या मानाने कमी.

ह्यूस्टनला नातेवाईक असतील तर जरूर जा. प्रवेश फुकट आहे, पिटमध्ये हिंडता येतं, फक्त सेफ्टी गॉगल घालावा लागतो. कानात घालायचे बोळे मात्र घरून न्या. घरबसल्या बघायचं असेल तर सामने इंटरनेटवर थेट दिसतात. तिथले सकाळचे साडेआठ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सात. साखळी सामने जेवणाच्या वेळेपर्यंत आरामात बघता येतील, पण आइन्स्टाइनवरच्या शेवटच्या लढती बघायच्या तर शनिवारची रात्र जागावी लागेल.