तुम्ही विचारलंत म्हणून: दोन पुंगळ्या आणि आजीचा एक शब्द

मी पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी बेळगाव-खानापूरच्या बाजूला गेली. लग्नात भेटो नाहीतर मयतीला, माणूस मला एकच विचारतो: "हवालदार, मागं काही पुरावाच नसतो, तरी ही गुप्त खात्याची माणसं गुन्हेगार हुडकतात कशी हो?" उभ्या उभ्या सांगून होण्यासारखं नाही, म्हणून लिहितो.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. आयबी म्हणजे देशातलं गुप्तचर खातं, त्याचं काम माहिती काढायचं. त्यांना अटकेचा अधिकार नाही. रॉ हे दुसरं गुप्तचर खातं, ते बघतं देशाबाहेरचं. खुनाचा तपास करतात ते पोलीस, सीआयडी, विशेष तपास पथक, नाहीतर सीबीआय. यातलं बरंचसं काम खुर्चीत बसून जुने कागद पुन्हा वाचायचं असतं.

30 ऑगस्ट 2015. धारवाडच्या कल्याणनगरात सकाळी दोघे मोटारसायकलवरून आले आणि एम. एम. कलबुर्गी सरांना त्यांच्या घरातच गोळ्या घालून गेले. बेळगावहून दीड तासावरची ही गोष्ट. कानडीतले मोठे अभ्यासक, बसवण्णा आणि शरणांच्या वचन साहित्यावर जन्म घालवलेला म्हातारा माणूस. मला आजही ते आठवलं की घास गोड लागत नाही. तपासाला हाती काय, तर घरच्यांनी ओझरता पाहिलेला चेहरा आणि गोळ्या आणि काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या.

पण पुंगळी म्हणजे थोडंथोडकं नव्हे. पिस्तुलातून गोळी सुटली की रिकामी पुंगळी बाजूला उडून पडते, आणि पळायच्या घाईत मारेकरी ती वेचत बसत नाही. तिच्या बुडावर पिस्तुलातल्या पिनेचा ठोका बसलेला असतो. पिनेचं टोक प्रत्येक हत्याराचं वेगळं झिजलेलं, त्यामुळं ठोकाही वेगळा. दोन पुंगळ्या तुलनेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या की एकाच गोलात अर्धी ही, अर्धी ती दिसते. एकाच पिस्तुलाच्या असतील तर रेघा रेघांना जुळतात.

5 सप्टेंबर 2017 ला, 400 किलोमीटरहून लांब बंगळुरात पत्रकार गौरी लंकेश यांचा खून झाला. तिथल्या पुंगळ्या प्रयोगशाळेनं धारवाडच्यांशी ताडून पाहिल्या. तेच 7.65 मिलिमीटरचं देशी पिस्तूल निघालं. दोन वर्षं मुक्या पडलेल्या पुंगळीला शेजारी दुसरी मिळाली आणि दोन खून एका धाग्यात आले. पुढं सीसीटीव्हीतल्या हेल्मेटवाल्याची चालण्याची ढब तपासली गेली, सांकेतिक भाषेतल्या डायऱ्या उलगडल्या. फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कलबुर्गींचा तपासही गौरी लंकेश प्रकरणाच्या पथकाकडं दिला. नेमबाजीचा सराव आमच्याच बेळगाव जिल्ह्यात झाला होता, असं पथकाचं म्हणणं. वाचलं तेव्हा मान खाली गेली. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. माझं लक्ष मात्र ज्यानं 2015 साली त्या पुंगळ्या उचलून पाकिटात घातल्या, वर पंचांच्या सह्या घेऊन लाखेचं सील मारलं, त्या माणसाकडं जातं. त्यानं तिथं हयगय केली असती, तर 2017 मध्ये ताडायला काय उरलं असतं?

आता माझं सांगतो, कारण हयगय मी केलेली आहे. ठाण्याचं नाव घेत नाही. खानापूर तालुक्यातलं जंगलाकडचं गाव. रात्री दोघांनी म्हातारीच्या घरात शिरून बोरमाळ नेली. ठसा नाही, दिवा नव्हता, तोंडं बांधलेली. आजी म्हणाली, "एक जण दुसऱ्याला म्हणला, बेगीन चल."

जबाब कानडीत लिहायचा. कानडीत लवकरला 'बेगने' म्हणतात. मी तेच लिहिलं आणि पुढं गेलो. कागदावर चोर कानडी बोलणारा झाला आणि आम्ही आठ दिवस कित्तूरच्या बाजूची गावं पालथी घातली. हाती काही लागलं नाही.

नवव्या दिवशी साहेबांनी जबाब वाचायला घेतला. ते स्वतः कानडी. म्हणाले, "हवालदार, पुढचा शब्द 'चल' लिहिलाय. बेगने कानडी आणि चल मराठी, असं कोण बोलतं?" माझ्या पोटात गोळा आला. बेगीन! आमच्यात म्हणतात लवकर, नाहीतर बिगीबिगी. बेगीन म्हणणार घाटाखालचा माणूस, सावंतवाडीकडचा. आणि शेजारच्या घराचं चिऱ्याचं बांधकाम करायला तिकडचेच गवंडी महिनाभर येऊन राहिले होते.

पुढचं काम दोन दिवसांचं. बोरमाळ मिळाली.

आजीकडं पुन्हा गेलो, तिच्याच शब्दांत जबाब लिहून घ्यायला. मराठीत लिहिला, खाली कानडी तर्जुमा, वाचून दाखवला. तिनं अंगठा दिला, पदराला शाई पुसली आणि म्हणाली, "लेकरा, पयल्या दिवशी बी म्या हेच सांगितलं हुतं की."