खिशातला चाकू, सोलापूरचं ऊन

चाकू जमवणारे बहुतेक जण आधी पोलादाचं विचारतात. सोलापुरात आधी मुठीचं विचारावं. पात्यावरचा गंज घासला की निघतो. तडकलेली मूठ सांधता येत नाही. एप्रिल-मेमध्ये 43 अंशांचं कोरडं ऊन आणि जूनमध्ये अचानक ओल, हा फेरा लाकूड, शिंग, हाड तिघांनाही सोसत नाही.

ओपिनेल या फ्रेंच घडीच्या चाकूचंच बघा. बीच लाकडाची मूठ पावसाळ्यात फुगते, पात्याचा सांधा आवळते आणि चाकू उघडेनासा होतो. मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकलं की पातं बाहेर येतं, पण मूळ दुखणं राहतं. मूठ पूर्ण वाळवून खाचेच्या आतल्या बाजू पॉलिश पेपरने किंचित घासाव्यात आणि जवसाचं तेल पाजावं. गोडं तेल नको. शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, चिकट होतं आणि खवट वास मारतं. जवसाच्या तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना ऊब धरतं आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवून टाकाव्यात.

स्वतः मूठ चढवणार असाल तर शिसम चांगलं, आणि आपल्याकडची बाभूळही. कुऱ्हाडीच्या दांड्याला चालते ती चाकूला का चालू नये? फक्त गाभ्याचं लालसर लाकूड घ्या. सालीलगतच्या पांढऱ्या भागाला किडा लागतो. 6 मिलिमीटरच्या फळ्या चिरून अख्खा एक उन्हाळा घरातच ठेवा आणि मधूनमधून काट्यावर तोला. दोन आठवडे वजन हललं नाही की लाकूड वाळलं. ओलं लाकूड रिबिटांनी जखडलं तर आकसताना त्याला सरकायला जागा उरत नाही, आणि चीर बरोबर रिबिटाच्या भोकातून जाते.

म्हशीचं शिंग दिसायला सर्वांत देखणं, वागायला सर्वांत लहरी. उन्हाळ्यात वाळलं की टोकं उचलतात, मधली रिबिटं धरून राहतात, आणि आतला धातूचा पत्रा नि मूठ यांच्यात नख जाईल एवढी फट पडते. शिवाय लोकरीसारखी त्यालाही कसर लागते. हाड त्यापेक्षा स्थिर असतं, पण रिबीट जोरात ठोकलं तर लगेच तडकतं. भोक थोडं सैल ठेवून हलक्या हाताने, गोल फिरत ठोकावं. सांबरशिंगाच्या मुठीचा मोह मात्र इथे सोडा. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे. नान्नजच्या माळावरच्या काळविटाचं शिंग कुणी आणून दिलं तरी तेच.

जुन्या चाकूंवरच्या शिंपल्यासारख्या चमकणाऱ्या रंगीत मुठी अनेकदा सेल्युलॉइडच्या असतात. ते उष्णतेने कुजतं आणि त्यातून आम्लधर्मी वाफा निघतात. आधी कापराचा वास येतो, मग त्याच डब्यातली शेजारची पाती गंजू लागतात. गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत बंद डब्यात असा एक चाकू पुरे. त्याला सर्वांपासून वेगळं, मोकळ्या हवेत ठेवा.

माझं मत विचाराल तर आपल्या हवेला सर्वांत योग्य मूठ मायकार्टाची, म्हणजे राळेत दाबलेल्या कापडाची. आणि कापडाला सोलापुरात काय तोटा? फाटकी सोलापुरी चादर घ्या. नवी असेल तर कढत पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढा, नाहीतर इपॉक्सी (दोन भाग कालवून घट्ट होणारी राळ) आत शिरतच नाही. 15 बाय 5 सेंटिमीटरचे तुकडे कापून सहा-सात थर इपॉक्सीत भिजवा. प्लास्टिक गुंडाळलेल्या दोन फळ्यांमध्ये ठेवून क्लॅम्पने आवळा, 24 तास हलवू नका, आणि घासायला आठवडाभराने घ्या. चादर जाड असल्याने प्रत्येक थर चोळून हवा काढावी लागते. टर्किश टॉवेलच्या नादी लागू नका. त्याच्या वेटोळ्यांत हवा अडकते आणि घासल्यावर भोकं दिसतात. इपॉक्सी काट्यावर मोजून, थोडं थोडंच कालवा. तापमान दर 10 अंश वाढलं की त्याची घट्ट व्हायची वेळ साधारण निम्मी होते, त्यामुळे मे महिन्यात दुपारी भांडंभर कालवलं तर भांड्यातच धूर निघतो. पहाटे करा. घासताना पाणी आणि तोंडाला मास्क हवाच, हाडाला तर नक्कीच. कडा गोल केल्या की थर नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे उमटतात आणि विणीचे दोन रंग कुठेही डोकावतात. हे विकत मिळत नाही.

आता पोलाद. 1095 या साध्या कार्बन पोलादात साधारण 0.95 टक्के कार्बन असतो. धार झटकन लागते, गंजही झटकन. 12सी27 या स्टेनलेस पोलादात कार्बन सुमारे 0.6 आणि क्रोमियम 13.5 टक्के, रोजच्या फळांना हेच घ्या. व्हिक्टोरिनॉक्सचं स्टील मऊसर आहे, पण घरच्या दगडावर पाच मिनिटांत धार येते. डी2 हे कडक पोलाद धार जास्त धरतं, मात्र साध्या दगडाला दाद देत नाही. हिऱ्याची पट्टी लागते.

साध्या कार्बनच्या पात्याने डाळिंब कापलं की पातं निळंकाळं पडतं. तो गंज नव्हे. सालीतलं टॅनिन आणि लोखंड मिळून जुन्या शाईचाच रंग तयार होतो, आणि तो थर पुढच्या गंजाला थोडा अटकाव करतो. तांबूस डाग दिसला तरच पुसून घासा. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

विकत घेताना चाकू मिटून उजेडाकडे धरा; पाठीची कमान (स्प्रिंग) आणि पत्रे यांच्यात फट दिसू नये. अर्धा उघडून पातं दोन बोटांनी डावी-उजवीकडे हलवून बघा. खटक्याचे रामपुरी संग्रहातच ठेवा. सण-यात्रांत पोलीस शस्त्रबंदीचे आदेश काढतात, तेव्हा सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला जाताना साधा चाकूसुद्धा घरीच राहू द्या.