टाळी नसलेली एण्ट्री

गडकरी रंगायतनला नाटकात मोठ्या नटाची एण्ट्री झाली की टाळी पडतेच, त्याने अजून तोंडसुद्धा उघडलेलं नसतं, नुसता विंगेतून येऊन सोफ्याजवळ उभा राहिलेला असतो. ती टाळी आधीच्या वीस वर्षांच्या कामाची असते. खरोखरच्या पहिल्या एण्ट्रीला कोण टाळी वाजवतं? कॉमिक्स आणि रॉक हे माझे दोन जुने नाद, आणि दोन्हीकडे सगळ्यात भारी एण्ट्र्या बघाल तर अशाच, मागच्या दाराने झालेल्या.

स्पायडरमॅनचंच घ्या ना. ऑगस्ट १९६२ चा 'अमेझिंग फँटसी'चा १५ वा अंक, आणि तोच त्या मासिकाचा शेवटचा अंक. त्याचा लेखक स्टॅन ली नंतर सांगायचा की मासिकाच्या मालकाला आयडिया अजिबात पटली नव्हती, लोकांना कोळी आवडत नाहीत म्हणे, पण दुकान बंदच होतंय तर टाका छापून (ली गोष्टी रंगवून सांगण्यात पटाईत होता, त्यामुळे मीठ जरा कमी करून घ्या). पुढे त्या अंकाची विक्री बघून सगळे चाट पडले आणि १९६३ मध्ये पोराला स्वतःचं मासिक मिळालं. वुल्व्हरिनची तर अजून मजा, १९७४ मध्ये हल्कच्या १८० व्या अंकात तो येतो ते थेट शेवटच्या चौकटीत, पिवळ्या कपड्यात, आणि लगेच क्रमशः! खुद्द हल्क पहिल्या अंकात राखाडी होता, पण तो रंग छपाईत प्रत्येक पानावर वेगळाच उमटायला लागला म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा केला. एवढा जगप्रसिद्ध हिरवा रंग, आणि कारण काय तर प्रेसवाल्यांची कटकट.

सुपरमॅन मात्र वाजतगाजत आला, १९३८, कव्हरवरच गाडी उचलून आपटतोय. पण ज्या दोन पोरांनी तो काढला त्यांनी हक्क १३० डॉलरला देऊन टाकले होते, त्यामुळे वाजंत्री कोणाच्या दारात वाजली ते दिसतंच आहे.

रॉकवाल्यांचं पण तेच, सगळा घाईचा कारभार. बीटल्सनी पहिल्या अल्बमची १० गाणी ११ फेब्रुवारी १९६३ ला एका दिवसात उरकली, गायक लेननला सर्दी, घसा गेलेला, म्हणून 'ट्विस्ट अँड शाउट' मुद्दाम शेवटी ठेवलं कारण ते गायल्यावर आवाज उरणारच नव्हता. ऐका परत, तो फाटलेला आवाज म्हणजेच ते गाणं आहे, धडधाकट घशाने गायला असता तर मला नाही वाटत एवढं चढलं असतं. ब्लॅक सॅबथनेही पहिला अल्बम जवळपास एका दिवसात वाजवून टाकला आणि तो बाजारात आला १३ फेब्रुवारी १९७० च्या शुक्रवारी, मुहूर्त बघा. गन्स अँड रोझेसचा पहिला अल्बम १९८७ चा, पण अमेरिकेत एक नंबरला पोचायला वर्ष गेलं.

आणि आपल्याकडे एण्ट्री कधी होईल याचा तर काही नेमच नाही. वेताळ, म्हणजे मूळचा फँटम, अमेरिकेत १९३६ पासून पेपरात येत होता, आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्स त्याच्याच गोष्टीने सुरू झालं ते मार्च १९६४ ला. मला तो भेटला ठाणे स्टेशनजवळच्या रद्दीच्या दुकानात, कव्हर गायब, पिना गंजलेल्या, कवटीवर कोणीतरी निळ्या पेनाने दाढी काढलेली, आणि गोष्ट मधूनच सुरू. यू टूचा पहिला अल्बम १९८० चा आणि भारतात पहिला शो १५ डिसेंबर २०१९ ला, तोही आमच्या नेरूळच्या डी. वाय. पाटीलला. म्हणजे त्यांचा गायक बोनो साठीला टेकलेला असताना हार्बर लाइनवर डेब्यू! असो, उशिरा का होईना.

आता आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत गेल्या गणपतीत दहावी-बारावीतल्या चार पोरांचा बँड वाजला. कमिटीने त्यांना फॅन्सी ड्रेस आणि लकी ड्रॉच्या मध्ये बसवलेलं, अँपची घूं घूं चालू, ड्रमवाला सगळ्यांच्या पुढे पळतोय, खुर्च्यांवरचं पब्लिक कूपनचे नंबर बघतंय आणि दहा वाजले म्हणून अर्ध्या गाण्यात स्पीकर बंद. पण तो बारीक चष्मेवाला गिटारवर जे काही मधेच वाजवून गेला ना, ते मी मोबाईलवर घेतलंय, क्वालिटी भंगार आहे पण डिलीट करणार नाही. बँडचं नाव विचारलं तर म्हणे, काका, अजून भांडण चालू आहे त्यावर.