ल्यूथरला निरोप

मिशन इम्पॉसिबलचा फायनल रेकनिंग अखेर बघितला. पाहिला नसेल तर पुढे वाचू नका, कारण मला ल्यूथरबद्दलच बोलायचंय.

1996 ला पहिला मिशन इम्पॉसिबल आला आणि 2025 ला हा आठवा. एवढ्या वर्षांत दिग्दर्शक बदलले, व्हिलन बदलले, हिरॉइनी आल्या गेल्या, पण आठही भागांत हिरो इथनबरोबर (म्हणजे टॉम क्रूझबरोबर) कोण होतं तर फक्त ल्यूथर, म्हणजे विंग ऱ्हेम्स (चौथ्यात अगदी शेवटी थोडासाच आहे, पण आहे). तो कधी बुर्ज खलिफावर चढला नाही की विमानाला लटकला नाही, लॅपटॉप घेऊन बसायचा आणि त्या जड शांत आवाजात कानात बोलायचा. तो आवाज आला की वाटायचं चला, आता होईल सगळं ठीक. आणि यात तो बॉम्बपाशी एकटा मागे राहतो, मधे लोखंडी गेट, पलीकडे इथन, आणि टॉम क्रूझच्या चेहऱ्यावर जे दिसतं ना तिथे मला रडू आवरलंच नाही.

लोक स्टंटबद्दल बोलतात, बरोबरच आहे, बायप्लेनचा, म्हणजे त्या दुहेरी पंखांच्या जुन्या विमानाचा सीन खरंच श्वास रोखून बघितला. पण मला या सिरीजमधलं फॉलआउट सगळ्यात जवळचं, त्यात इमारतीवरून उडी मारताना क्रूझचा घोटा खरोखर मोडला आणि तोच शॉट सिनेमात ठेवलाय, नीट बघा, तो कठड्यावरून वर येतो आणि लंगडत पुढे जातो. तो माणूस म्हातारा होतोय हे तेव्हाच पहिल्यांदा जाणवलं होतं आणि त्याच्याबरोबर आपणही.

आणि डॉनलो! पहिल्या भागातला तो बिचारा सीआयएवाला, ज्याच्या व्हॉल्टमधे इथन दोरीला लटकून घामाचा थेंब हातात झेलतो, वरून पडलेला सुरा टेबलात रुततो, आणि शिक्षा म्हणून याची रवानगी अलास्काला. तेव्हा आपण हसून विसरून गेलो. इथे तोच रोल्फ सॅक्सन, पांढरी दाढी, तोच सुरा जपून ठेवलेला, आणि मनात जराही राग नाही, उलट तिकडे गेलो म्हणूनच बायको भेटली म्हणतो. एवढ्या छोट्या पात्राची इतक्या वर्षांनी कुणी आठवण ठेवली याचं मला फार बरं वाटलं.

पहिला तास लांबलाय हे मान्य. सारखी जुनी दृश्यं दाखवतात, काहींना कंटाळा येईल, मला एकही कापावंसं वाटलं नाही.

शेवटी ट्रॅफल्गर स्क्वेअरमधे सगळे एकमेकांकडे नुसते बघतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. निदान टीममधल्या बेंजीने तरी काहीतरी बोलायला हवं होतं यार, इतकी वर्षं सोबत काढल्यावर असं नुसतं मान हलवून कसं जाता येतं कुणाला?