फोटो फार हलका झाला म्हणून फॉर्म अडला

फोटोची फाइल मोठी आहे म्हणून फॉर्म अडतो, हे सगळ्यांनाच माहीत आहे. ती लहान आहे म्हणूनही अडतो, हे मला भाचीच्या फॉर्मच्या वेळी कळलं आणि तो राग अजून डोक्यातून गेलेला नाही.

बँकेच्या भरतीचा ऑनलाइन फॉर्म होता. नाव, गाव, प्रवर्ग, मार्क, परीक्षा केंद्र हे सगळं तिने एकटीने, टीव्ही बघत बघत भरून टाकलं. फोटोच्या पानावर आल्यावर मात्र लॅपटॉप उचलून माझ्याकडे आली. ‘मामा, तुला ते फोटोचं येतं ना?’ गणेश मंडळाची पत्रकं मी करतो, त्यामुळे घराण्यात ‘फोटोचं’ जे काही असेल ते माझ्याकडे येतं. मी गिम्प हा फोटो दुरुस्त करायचा प्रोग्राम वापरतो. फुकट आहे, १९९६ पासून चालू आहे आणि माझ्या जुन्या कॉम्प्युटरवरही उघडतं.

आधी सूचना वाचा. आम्हीही वाचल्या होत्या, पण त्या एकमेकींशी जुळतात का हे पाहायचं असतं हे कुणाला सुचतं? सूचना अशी होती: फोटो पासपोर्ट आकाराचा, ४.५ सेंमी बाय ३.५ सेंमी. मोजमाप २०० बाय २३० पिक्सेल, शक्यतो. फाइल २० ते ५० केबी. स्कॅन करत असाल तर किमान २०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला २०० ठिपके.

आता कागद-पेन्सिल घ्या. ३.५ बाय ४.५ म्हणजे प्रमाण ७:९. रुंदी २०० पिक्सेल धरली तर या प्रमाणात उंची येते २५७. त्यांना हवी २३०. म्हणजे २७ पिक्सेल जास्तीचे. आणि २०० डीपीआयने ३.५ सेंमी स्कॅन केलं तर रुंदीच मुळी २७६ पिक्सेल होते. एकाच चौकटीतले तीन आकडे तीन वेगवेगळे फोटो मागत होते. हे लिहिणाऱ्याने स्वतः एकदा तरी फॉर्म भरून पाहिला असेल का, अशी मला दाट शंका आहे.

स्टुडिओवाल्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेली फाइल ४१३ बाय ५३१ पिक्सेलची होती, म्हणजे ३०० डीपीआयने बरोब्बर पासपोर्ट साइझ. गिम्पमध्ये ‘स्केल इमेज’ उघडलं की रुंदी आणि उंचीच्या मध्ये एक साखळी दिसते. ती जोडलेली असेल तर एक आकडा टाकल्यावर दुसरा आपोआप येतो. ती तोडून थेट २०० आणि २३० टाकता येतं, आणि नेट कॅफेत तसंच करतात. पण मग चेहरा उभ्याने दहा टक्के दाबला जातो. मी करून दाखवलं तर भाची म्हणाली, ‘ही मी नाही, ही आमची आत्या आहे.’ हसण्यावारी नेऊ नका. परीक्षा केंद्रावर प्रवेशपत्रावरचा फोटो आणि समोरचा माणूस ताडून बघतात.

दुसरा मार्ग कापण्याचा. वरून-खालून मिळून २७ पिक्सेल काढायचे. स्टुडिओवाल्याने आधीच फ्रेम घट्ट धरली होती. वरून कापलं तर केस जातात, खालून कापलं तर गळ्यापासून संपतं.

तिसरा मार्ग कॅनव्हासचा, आणि मला तो आवडतो, कारण त्यात माणूस कापला जात नाही. साखळी जोडलेली ठेवून उंची २३० करायची, रुंदी आपोआप १७९ होते. मग ‘इमेज’ मेनूत ‘कॅनव्हास साइझ’. इथे साखळी तोडायची, रुंदी २०० करायची, ‘सेंटर’ दाबायचं. फोटो जसाच्या तसा राहतो, डावी-उजवीकडे मिळून २१ पिक्सेलची मोकळी जागा येते. ती कशाने भरायची तेही त्याच खिडकीत विचारतं. ‘ट्रान्सपरन्सी’ ठेवू नका. फॉर्मला फोटो जेपीजी या प्रकारच्या फाइलमध्ये लागतो आणि जेपीजीमध्ये पारदर्शक असं काही नसतंच. एक्सपोर्ट करताना ती जागा त्या वेळी जो बॅकग्राउंड रंग निवडलेला असेल त्याने भरली जाते, आणि तो काळा असला की फोटोला शोकसंदेशाची कळा येते.

मी पांढरा भरला. तर दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या स्वच्छ दिसायला लागल्या, कारण स्टुडिओची ‘पांढरी’ भिंत पांढरी नव्हती, निळसर राखाडी होती. रंग उचलायच्या हत्याराने कडेचा रंग उचलून भरला तर डावी बाजू जुळली, उजवी नाही. दिवा एका अंगाने होता, त्यामुळे उजवीकडे खांद्यामागे सावली. ४०० टक्के मोठं करून पाहिलं तेव्हा पट्टी आणि भिंत यांच्यामधली ती उभी रेघ दिसत होती. ‘कोण बघतंय एवढं?’ असं भाचीचं म्हणणं. मी बघत होतो.

शेवटी स्टुडिओवाल्याला फोन लावला आणि न कापलेला मूळ फोटो मागितला. त्याच्याकडे होता! दोन्ही बाजूंना हातभर भिंत असलेला, चांगला मोठा फोटो. हा एकच सल्ला लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा: पासपोर्ट फोटो काढाल तेव्हाच न कापलेली मूळ फाइल मागून घ्या, आणि व्हॉट्सअॅपवर घेणार असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर ती वाटेतच आक्रसते. मूळ फोटो हातात आल्यावर क्रॉपच्या हत्यारात ‘फिक्स्ड’ला टिक करून प्रमाण २०:२३ टाकलं, चौकट चेहऱ्यावर बसवली, एंटर. मग स्केल करून २०० बाय २३०. ना पट्टी, ना आत्या. मी चहा मागवला.

चहा येईपर्यंत फॉर्मने फोटो नाकारला होता.

लाल अक्षरांत एवढंच: फाइल योग्य नाही. काय योग्य नाही? मोजमाप? नाव? प्रकार? काही नाही. फाइल होती साधारण नऊ केबीची. खालची मर्यादा २०. इतकी वर्षं सगळ्यांना फोटो ‘कमी’ करून दिले, पत्रकांचे, लग्नाच्या बायोडेटाचे, शाळेच्या फॉर्मचे. वाढवून कुणी मागितला नव्हता.

यामागची गोष्ट अशी की २०० बाय २३० म्हणजे सगळे मिळून ४६ हजार पिक्सेल. त्यातली अर्धीअधिक जागा सपाट भिंत. जेपीजी सपाट जागेवर फार कमी बाइट खर्च करतं, बारकावे असतील तिथे जास्त. म्हणजे फोटो जितका स्वच्छ, तितकी फाइल हलकी. पांढरी भिंत ठेवा असं हेच सांगतात, लहान आकार हेच सांगतात आणि मग वजन कमी भरलं म्हणून हेच परत पाठवतात.

एक्सपोर्टच्या खिडकीत ‘क्वालिटी’ची पट्टी असते. खाली ‘शो प्रिव्ह्यू’ला टिक केली की फाइल किती बाइटची होणार ते तिथेच दिसतं. ही टिक आधी करा, नाहीतर दर वेळी सेव्ह करून फोल्डरात जाऊन बघत बसाल. पट्टी ९० वर असते, ती ढकलत १०० वर नेली. ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये सबसॅम्पलिंग असतं, तिथे ४:४:४ निवडलं, म्हणजे रंगांचे बारकावे गाळले जात नाहीत आणि फाइल फुगते. एवढं केल्यावर फोल्डरमध्ये फाइलसमोर आकडा आला २० केबी. बरोबर २०! अपलोड केली. फाइल योग्य नाही.

इथे माझा आवाज चढला. घरातल्यांनी दार लोटून घेतलं.

विंडोजच्या फोल्डरात दिसणारा केबीचा आकडा वरच्या पूर्ण आकड्याला नेऊन दाखवतात. खरा आकडा पाहायचा तर फाइलवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’. तिथे होतं एकोणीस हजार सातशे आणि काही बाइट. १०२४ बाइटचा एक केबी धरला तर २० केबीला लागतात २०,४८०. म्हणजे सातएकशे बाइट कमी पडत होते. या परिच्छेदालाही त्याहून जास्त लागतील. क्वालिटी १०० च्या वर जात नाही. पट्टी संपली होती.

मधल्या वेळात सेशन संपलं. पुन्हा लॉगिन, पुन्हा तो वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅप्चा, त्यात शून्य की ओ यावरून आमच्या दोघांत वाद. मदत क्रमांकावर ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ आणि संगीत. भाची म्हणाली, नेटवर फोटोचं वजन वाढवून देणाऱ्या साइट आहेत, तिच्या मैत्रिणीने तसंच केलं. असतील. पण याच फॉर्मला पुढे सही आणि डाव्या अंगठ्याचा ठसाही लागतो. माणसाचा चेहरा, सही आणि अंगठा एकत्र कुठल्यातरी अनोळखी साइटला द्यायचा, हे मला पटत नाही. तिला मी तसं स्पष्ट सांगितलं, जरा चढ्या आवाजातच.

काही लोक फाइलला थंबनेल (फोटोची चिमुकली प्रत) आणि बाकीची माहिती जोडून वजन वाढवतात. एक्सपोर्टच्या खिडकीत त्याच्या टिका असतात आणि त्याने थोडेफार बाइट वाढतात हे खरं. (उलट वजन कमी करायचं असेल तेव्हा त्या सगळ्या टिका काढा, तोही उपाय इथेच आहे.) पण मला तो जुगाड नको होता. सूचना पुन्हा वाचायला घेतली आणि ‘शक्यतो’ या शब्दावर थांबलो. केबीच्या आकड्यापुढे ‘शक्यतो’ नव्हतं. पिक्सेलच्या पुढे होतं. म्हणजे अडवणूक केबीची आहे, पिक्सेलची नाही.

मग प्रमाण तेच ठेवून आकार वाढवला. २०:२३ मध्ये रुंदी २४० घेतली की उंची बरोबर २७६ येते, अपूर्णांक नाही. मूळ फोटो मोठा होता म्हणून पुन्हा तिथूनच स्केल केलं. २०० चा फोटो ताणून २४० करू नका, धूसर होतो. क्वालिटी १०० वरच ठेवली तर फाइल वीस केबीच्या बरीच वर गेली. अपलोड. चक्र फिरलं आणि पडद्यावर भाचीचा चेहरा आला, न दाबलेला, न कापलेला. मी खुर्चीतून उठून दार उघडलं आणि ‘झालं’ एवढंच ओरडलो. कुणाला विशेष काही वाटलं नाही.

सहीचंही तेच दुखणं, फक्त आता औषध ठाऊक होतं. १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने सही, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत नाही, नाहीतर बाद होते. खिडकीशी उजेडात फोटो काढला, ७:३ च्या प्रमाणात कापला. कागद पांढराफटक करायचा मोह आवरा. कागदाचा तो किंचित खरखरीतपणा राहिला तर वजन राहतं. २८० बाय १२० ला गेली. अंगठा २४० बाय २४०, आणि हाताने लिहिलेलं इंग्रजी घोषणापत्र ८०० बाय ४००, ५० ते १०० केबी. हे दोन्ही पहिल्या फटक्यात.

आठवलं म्हणून: पीएनजी फाइलचं नाव बदलून शेवटी जेपीजी लिहिलं म्हणजे ती जेपीजी होत नाही. भाचीच्या मित्राने तसं केलं होतं. एक्सपोर्टच करावी लागते. आयफोनवरून फोटो आला आणि उघडेना, तर तो बहुधा एचईआयसी या आयफोनच्या वेगळ्या फाइल प्रकारात असतो, तोही आधी बदलून घ्या. पेंटमध्ये आकार बदलता येतो पण क्वालिटीची पट्टी नसल्यामुळे केबीवर ताबा राहत नाही, म्हणून या कामाला तो नको. आणि प्रत्येक फाइलच्या नावात तिचा आकार लिहा. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरंच’ यांतली कुठली अपलोड केली ते रात्री साडेअकराला सांगता येत नाही.

अंतिम सबमिटच्या आधी जे पूर्ण पान दाखवतात त्यात फोटोच्या चौकटीत फोटो आणि अंगठ्याच्या चौकटीत अंगठा आहे ना हे बघा. अदलाबदल झाली तरी केबी बसत असेल तर यंत्र काही बोलत नाही.

फी भरली, पावती निघाली. दुसऱ्या दिवशी भाचीला पुन्हा स्टुडिओत पाठवलं. परीक्षेच्या दिवशी फॉर्मवरच्याच फोटोच्या प्रती लागतात, दुसऱ्या कपड्यांतला चालत नाही. मूळ फोटो त्याच्याकडे होताच. चार बाय सहा इंची एका कागदावर आठ पासपोर्ट फोटो बसतात. तेवढे काढून आणले आणि पावतीलाच टाचून ठेवले.